मंचावरचा पहिला ‘सा’

आषाढ लागला की माझ्या वर्गात एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं : “ताई, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी नक्की गाते.” गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम तोंडावर आलेला असतो. असं म्हणणाऱ्यांत आठवीतली मुलगी असते, तसे बँकेतून निवृत्त होऊन साठीनंतर गाणं शिकायला लागलेले काकाही असतात. वर्गात दोघंही सुरेल गातात. लोकांपुढे बसायचं म्हटलं की मात्र दोघांच्याही पोटात गोळा येतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि पहिल्यांदाच चार लोकांपुढे गायला-वाजवायला बसणाऱ्या प्रत्येकासाठी. उदाहरणं मी शास्त्रीय संगीतातल्या ख्यालगायनाची घेते, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी आहे. पेटी, सतार, बासरी किंवा गिटार वाजवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

भीती कायमची जाईल, असं मी कुणालाही सांगत नाही. पाब्लो कसाल्स हे विसाव्या शतकातले फार मोठे चेलोवादक. १९०१ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट तमालपायसवर ते फिरायला गेले होते. वरून एक दगड गडगडत आला आणि त्यांच्या डाव्या हातावर आदळला. बोटं ठेचली गेली. त्या क्षणी मनात पहिला विचार काय आला, हे त्यांनीच पुढे सांगून ठेवलं आहे : देवाची कृपा, आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही! हात बरा झाला, नव्वदी उलटल्यावरही ते वाजवत होते आणि कार्यक्रमाआधीची धडधड आयुष्यभर त्यांच्या सोबतीला होती. तेव्हा धडधड होते म्हणजे आपल्यात काही कमी आहे, हा समज आधी मनातून काढून टाका.

मला सांगायचं आहे ते एवढंच : आपण गाण्याचा रियाज करतो, गाणं सुरू करण्याचा करत नाही. घरी तंबोरा लावून वीस-पंचवीस मिनिटं झाल्यावर गळा मोकळा होतो, राग दिसायला लागतो आणि मग आपण जे गातो त्याला ‘माझं गाणं’ समजतो. मंचावर ती वीस मिनिटं मिळत नाहीत. थंड गळ्याने, गार हातांनी, पहिल्या श्वासातच गायचं असतं. ही गोष्ट आपण आयुष्यात एकदाही केलेली नसते आणि तीच नेमकी लोकांसमोर पहिल्यांदा करायला जातो.

अंगात काय होतं

समोर माणसं दिसली की शरीराला ते संकट वाटतं. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, लाळ आटून घशाला कोरड पडते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बोटं गार पडतात. गाणाऱ्याला याचा त्रास तीन ठिकाणी होतो. दम पुरत नाही, आवाज हलतो आणि लय चढते. पहिले दोन आपल्याला लगेच कळतात. तिसरं कळत नाही, कारण आतलं घड्याळच पुढे पळत असतं. म्हणून तेच सगळ्यात जास्त नुकसान करतं.

ही लाट सुरुवातीला उंच असते आणि बहुतेकांच्या बाबतीत पाचसात मिनिटांत ओसरू लागते. म्हणून सगळी तयारी त्या पहिल्या पाच मिनिटांची करायची.

महिनाभर आधी : काय गायचं ते ठरवा

नुकतीच शिकलेली, नवी कोरी बंदिश (रागात आणि तालात बांधलेली रचना) गायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. किमान सहा महिने गळ्यात मुरलेली बंदिश घ्या. राग असा घ्या की त्याची चाल झोपेतून उठवलं तरी सापडावी. भूप, यमन, दुर्गा हे ‘लहान मुलांचे राग’ आहेत असं काही जण म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, भूप नीट गाणं अजिबात सोपं नाही. दहा मिनिटं मिळाली असतील तर आठ मिनिटांचं बांधा. ज्या ताना वर्गात दहापैकी सहा वेळा साधतात, त्या या वेळी बाजूला ठेवा.

मी हे अनुभवाने सांगते. सतरा वर्षांची असताना पहिल्यांदा मंचावर बसले, ते तीन आठवड्यांपूर्वी शिकलेली बंदिश घेऊन. तबलजींनी मान हलवून लय विचारली. मी मांडीवर हाताने दिली. मुखडा, म्हणजे बंदिशीच्या ओळीची सुरुवात, संपायच्या आतच लक्षात आलं की ही रोजची लय नाही, बरीच चढी आहे. आता खाली कशी आणायची ते माहीत नव्हतं. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, कशीबशी निघाली, पुढच्या भागाच्या, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला शब्द गेले. समोर पहिल्या रांगेत आई बसली होती. तिने पदराचं टोक मुठीत धरलेलं मला अजून दिसतं. घरी आल्यावर दोन दिवस मी तंबोऱ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी एकच विचारलं, “लय कुणी दिली?” मी म्हटलं, “मीच.” ते म्हणाले, “मग आजपासून लय द्यायचा रियाज.” त्या दिवशी तासभर आम्ही तेवढंच केलं. गाणं नाहीच, फक्त लय द्यायची, मुखडा घ्यायचा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबायचं.

सुरू करण्याचा रियाज

दिवसातून तीन वेळा, दोन-दोन मिनिटं. रोजच्या रियाजाच्या वेळी करायचं नाही, मधल्या कुठल्याही आडवेळी करायचं. भाजी चिरत असाल, ऑफिसातून नुकतेच आला असाल, तेव्हा उठा, दुसऱ्या खोलीतून चालत या, नमस्कार करा, बसा. तंबोरा सुरू करा. एक लांब श्वास सोडा. षड्ज, म्हणजे ‘सा’, लावा. ठरलेले चार-पाच आलाप, मग मुखडा, आणि सम आली की थांबा. उठा आणि कामाला लागा. आवडलं म्हणून पुढे गात बसू नका, नाहीतर तो नेहमीचाच रियाज होतो.

हे आलाप आधी ठरवलेले असू द्या. ख्यालात उपज, म्हणजे गाता गाता सुचणारं, हवी हे खरं, पण पहिल्या पाच मिनिटांत तिच्यावर विसंबू नका. पायाखालची वाट ओळखीची असली की उपज पुढे आपसूक येते.

आठवडाभराने यात एक भर घाला. एक मजला जिना भरभर चढून या आणि धाप लागलेली असतानाच बसा. हृदय तसंच धडधडत असतं, श्वास तसाच आखूड असतो. त्या अवस्थेत षड्ज कसा लावायचा, हे गळ्याला एकदा कळलं की मंचावरची धडधड अनोळखी वाटत नाही. सुरुवातीला सूर हलेल. मग षड्ज अर्ध्या आवाजात लावा, दुसऱ्या श्वासात भरा. धाप लागलेली असताना एकदम भरल्या आवाजाने सुरुवात करू नये, हे इथेच समजतं. हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर जिना सोडून द्या, बाकीचं करा.

आता लयीचं. तबल्याच्या अॅपवर तुमच्या बंदिशीची नेहमीची लय किती येते ते बघा आणि आकडा वहीत लिहा. समजा, मध्यलय तीनतालाची बंदिश मिनिटाला १६० मात्रांवर बसते. म्हणजे सोळा मात्रांचं एक आवर्तन बरोबर सहा सेकंदांत होतं. आता अॅप बंद करा, थोड्या वेळाने हाताने लय द्या आणि मोजा. घरात बसून १६० असेल, तर लोकांपुढे ती सहज १८०-१९० होईल. उपाय साधा आहे. लय देण्याआधी अंतऱ्यातली शब्दांनी सगळ्यात गच्च भरलेली ओळ मनात म्हणायची. ती ज्या लयीत सुखाने म्हणता येते, तीच लय हाताने द्यायची. मुखडा म्हणून लय देऊ नका. मुखडा कुठल्याही लयीत गोड लागतो आणि फसवतो.

ऐकणारे एकेक वाढवा

आपल्याकडे ‘सभाधीट’ असा सुंदर शब्द आहे. माणूस धीट असतो तो एका जागी. सभेत धीट व्हायला सभा बघाव्या लागतात. त्या एकदम शंभर माणसांच्या असायला हव्यात असं नाही.

पहिली सभा म्हणजे फोनचं रेकॉर्डिंग. अट एकच : एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं नाही. लाल ठिपका दिसायला लागला की काय होतं, ते करूनच बघा. दुसरी सभा घरातल्या एका माणसाची. आजी शेंगा सोलत बसली असेल तर तिच्यासमोर गा. आजीचं अर्धं लक्ष शेंगांकडे असतं आणि हेच फार चांगलं असतं, कारण हॉलमध्येही कुणी पंख्याकडे बघत असतं, कुणी मुलाला गप्प करत असतं. मग तीन-चार मित्रमैत्रिणी घरी बोलवा. त्या दिवशी कार्यक्रमाला घालणार तेच कपडे घाला. साडी नेसून मांडी घालून पंधरा मिनिटं बसून बघितलेलं असावं, काठ पोटाशी घट्ट असला की श्वास खाली उतरत नाही. कुर्त्याच्या गळ्याचंही तेच.

पुढची पायरी म्हणजे सोसायटीचा गणपती, कोजागरी, देवळातलं भजन. भजनी मंडळात टाळ घेऊन बसण्याचा फायदा कितीतरी गाणाऱ्यांना कळतच नाही. तिथे एक अभंग तुमचा असतो, पण सम चुकली तरी टाळ-मृदंग आणि मागचे दहा आवाज तुम्हाला उचलून घेतात. लोकांसमोर तोंड उघडायची सवय लागायला याहून प्रेमळ जागा मला माहीत नाही.

माझ्या वर्गात महिन्यातला एक शनिवार यासाठीच राखलेला असतो. एक जण गातो, बाकीचे मुद्दाम उठतात, बसतात, दार वाजवतात, एखादा फोन वाजू देतो. पहिल्या वेळी मुलं बिथरतात. तिसऱ्या वेळी त्यांना दार ऐकूही येत नाही.

साथीदारांबरोबर निदान एक तालीम हवीच. ‘आयत्या वेळी बघू’ हे वाक्य अनुभवी कलाकारांना शोभतं. आपण नवे आहोत. तबलजींना आणि पेटीवाल्यांना आधी भेटा, पट्टी सांगा, किती आवर्तनांनंतर अंतरा, शेवटची तिहाई (तीनदा घेऊन समेवर संपवायचा तुकडा) कुठून, सगळं गाऊन दाखवा. आणि मोकळेपणाने सांगा, “पहिल्यांदाच बसतेय, लय चढली तर सांभाळून घ्या.” मी आजवर एकही साथीदार असा बघितला नाही की ज्याने हे ऐकून आधार दिला नाही. श्रोत्यांना मात्र हे सांगायचं नाही. त्याचं पुढे बोलते.

त्या दिवशी

दिवसभर गाऊ नका. सकाळी अर्धा तास खर्ज (खालचे सूर) आणि साधे पलटे (सुरांचे ठरावीक क्रम), संध्याकाळी निघण्याआधी थोडं गुणगुणणं, बस्स. जेवण दोन-तीन तास आधी, हलकं आणि नेहमीचं. घसा चांगला राहावा म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी सांगितलेला काढा वगैरे घेऊ नका. आधीच धडधड होत असेल तर कडक कॉफी टाळा. पाणी घोटघोट पीत राहा.

हॉलवर लवकर जा आणि रिकाम्या मंचावर पाच मिनिटं बसून घ्या. दिवे डोळ्यांवर येतात का, सतरंजी सरकते का, शेवटची रांग किती लांब आहे, हे डोळ्यांखालून जाऊ द्या.

हात गार पडले तर गरम पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरा, पेटी-सतारवाल्यांनी तर नक्कीच. श्वासासाठी हे करा : चार आकडे मोजून नाकाने आत, आठ आकडे मोजून तोंडाने हळू बाहेर, सहा-सात वेळा. लांब उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती उतरते. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांब असायला हवं. घाबरलेला माणूस नेमका उलट करतो, श्वास घेतच राहतो.

“शांत हो, शांत हो” असं स्वतःला बजावून उपयोग होत नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेल. अॅलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कॅरिओकेवर गायला लावलं होतं. गाण्याआधी ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणाऱ्यांचं गाणं ‘मला भीती वाटतेय’ म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक झालं. मला हे पटतं. भीतीतली धडधड आणि उत्सुकतेतली धडधड अंगाला सारखीच असते, तिला नाव आपण देतो.

आणखी एक. धडधड कमी करणारी गोळी घे, असा सल्ला कुणीतरी देतंच. ती बहुधा बीटा ब्लॉकर प्रकारातली असते. दमा असणाऱ्यांना ती घातक ठरू शकते. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी कधीही घेऊ नका. महिनेन् महिने झोप उडत असेल, श्वास कोंडत असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्यात काहीच कमीपणा नाही.

बसल्यावर

घाई इथेच होते. नाव पुकारलं की पळत जाऊन, बसता बसता गायला सुरुवात करणारे मी दरवर्षी बघते. पहिलं मिनिट तुमचं आहे. बसा, माइक स्वतःच्या हाताने तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित खाली लावून घ्या. तंबोरा ऐका. किशोरीताई आमोणकर तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय गायला सुरुवात करत नसत आणि सभागृह त्यासाठी थांबत असे. आपण किशोरीताई नाही, पण तंबोरा जुळेपर्यंत थांबणं हा शिष्टाचार लहानमोठ्या सगळ्यांसाठी सारखाच आहे. तेवढ्या वेळात श्वास खाली उतरतो.

तंबोरा फोनवरचा असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. मधल्या आलापात कुणाचा तरी फोन आला, तंबोरा गप्प झाला आणि पोरगी षड्ज शोधत राहिली, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. चार्जिंगही बघा.

मॉनिटरमधून, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, स्वतःचा आवाज आणि तंबोरा ऐकू येतोय ना, ते एका षड्जात तपासा. येत नसेल तर साउंडवाल्यांना स्पष्ट सांगा : “तंबोरा वाढवा, पेटी थोडी कमी.” यात आगाऊपणा नाही. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो, आणि ओरडल्यावर सूर जातो.

बोलायचं असेल तर दोन वाक्यं, पाठ केलेली : राग कोणता, बंदिश कोणत्या तालात. “घसा जरा बसलाय”, “तयारी झालेली नाही, गोड मानून घ्या” हे बोलू नका. आपल्याकडे ते नम्रतेचं समजतात, पण त्यामुळे समोरचे चुका शोधायला बसतात आणि आपल्या मनालाही चुकायची परवानगी मिळते.

डोळे मिटून गायची सवय असेल तर मिटा, पण मुखड्याला तबलजींकडे बघा. लोकांकडे बघायची भीती वाटत असेल तर तिसऱ्या रांगेतल्या डोक्यांच्या किंचित वर नजर ठेवा. लय देताना ती गच्च ओळ मनात म्हणा. मग द्या.

चूक झाली तर

होईल. त्यासाठीच वर सांगितलेलं न थांबता रेकॉर्डिंग.

सम हुकली तर गाणं थांबवा, ताल थांबवायचा नाही. गप्प बसा आणि ठेका ऐका : धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ‘तिं तिं ता’ला डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. तालातल्या या जागेला ‘खाली’ म्हणतात. कान तिथे लावा आणि पुढच्या आवर्तनात आपल्या जागेवरून मुखडा घ्या. १६०च्या लयीत तुमचे फार तर सहा-आठ सेकंद गेले. ऐकणाऱ्यांना ती गाण्यातली विश्रांती वाटते. हे घरी मुद्दाम करून बघा : ठेका लावायचा, आवर्तनाच्या मध्येच कुठेतरी गप्प व्हायचं आणि फक्त ऐकून पुन्हा मुखडा पकडायचा. वीस वेळा केलं की समेची भीती जाते.

शब्द गेले तर ‘आ’कारात गा, सरगम गा, स्थायीवर परत या. १९६० साली बर्लिनमध्ये एला फिट्झजेराल्ड ही थोर जॅझ गायिका भर कार्यक्रमात गाण्याचे शब्द विसरली. तिने तालात राहून सुचतील ते शब्द जोडले, विसरल्याचंही गाण्यातच सांगून टाकलं आणि त्याच ध्वनिमुद्रणाला पुढे ग्रॅमी मिळालं. आपल्याला ग्रॅमी नको, फक्त ताल सोडायचा नाही.

आवाज चिरकला तर पुढची जागा खालच्या सुरांत घ्या, दोन श्वासांनी वर जा. आणि जीभ चावू नका. चुकलं की जीभ चावून गुरूंकडे बघायची आपल्या मुलांची सवय इतकी पक्की असते, की ज्यांना चूक कळलीच नव्हती त्यांनाही ती दिसते.

नंतर

त्या रात्री रेकॉर्डिंग ऐकू नका. तीन दिवसांनी ऐका. त्याआधी, घरी पोचल्यावर, वहीत तीन गोष्टी लिहा : लय ठरल्यापेक्षा किती चढली, कुठे अडखळलं आणि हात कधी गरम झाले. मग पुढची तारीख ठरवा, शक्यतो दोन महिन्यांच्या आत. वर्षातून एकदाच गाणाऱ्याला दरवर्षी पहिल्यापासून घाबरावं लागतं.

आमच्या बँकेतल्या काकांनी त्यांची वही मला परवा दाखवली. जमाखर्चासारखे रकाने आखले आहेत. ‘हात कधी गरम झाले’ या रकान्यात पहिल्या कार्यक्रमासमोर ‘घरी परतताना रिक्षात’ असं लिहिलं आहे. दुसऱ्यासमोर ‘अंतरा संपताना’. तिसऱ्या वेळी हॉल मोठा होता, तिथे पुन्हा ‘शेवटपर्यंत गार’. चौथा कार्यक्रम सोसायटीतल्या कोजागरीचा. त्यापुढे लिहिलं आहे : ‘लय १६४. दुसऱ्या आवर्तनात.’ आणि त्याखाली, पेन्सिलीने, पाचव्याची तारीख.